पाचवीला पुजलेला पराभव

इंडियाना विद्यापीठ म्हटलं की अमेरिकेत बास्केटबॉल आठवतो. पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणि त्या खेळावर जीव टाकणारं अख्खं राज्य. अमेरिकन फुटबॉलच्या बाबतीत मात्र या विद्यापीठाच्या पाचवीला पराभव पुजलेला. वरच्या श्रेणीत ७०० पराभवांचा टप्पा सगळ्यांत आधी गाठला तो याच संघाने, २०२२ मध्ये. पुढच्या वर्षी १२ पैकी ९ सामने गेले, तेव्हा विद्यापीठाने प्रशिक्षक बदलला.

नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी साठी ओलांडलेले होते. वडीलही फुटबॉल प्रशिक्षक. २०११ मध्ये निक सेबन यांच्या बलाढ्य अलाबामा संघातली सहायकाची जागा सोडून सिग्नेटी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. वडिलांनी पूर्वी तोच संघ घडवला होता. तिथून एकेक पायरी चढत ते जेम्स मॅडिसन विद्यापीठात आले आणि तिथे त्यांनी ६१ पैकी ५२ सामने जिंकले. इंडियानात पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना तुम्ही इथे यायला कसं पटवता? त्यांचं उत्तर देशभर गाजलं: ‘मी जिंकतो. गूगल करून बघा.’

अमेरिकन विद्यापीठांत आता खेळाडूला संघ बदलणं सोपं झालं आहे. सिग्नेटींनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. जेम्स मॅडिसनचे १३ खेळाडू त्यांच्यामागे आले. पुढे काय करू शकेल यापेक्षा मैदानात काय करून दाखवलंय, हे पाहून माणूस निवडायचा, ही त्यांची कसोटी. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, कर्टिस रूर्क. तोही ओहायो विद्यापीठात अनेक हंगाम खेळून आलेला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं नाही की चेंडू समोरच्याकडे जातो. त्यामुळे शिस्तीची परीक्षा प्रत्येक प्रयत्नाला होते. २०२४ च्या हंगामात पहिले आठ सामने इंडियाना एका क्षणासाठीही पिछाडीवर नव्हता. नेब्रास्काला त्यांनी ५६-७ असं हरवलं, पण त्याच सामन्यात रूर्कचा अंगठा दुखावला आणि वॉशिंग्टनविरुद्ध त्याला बाहेर बसावं लागलं. त्या दिवशी सामना गाजवला तो जेमतेम पाच फूट नऊ इंच उंचीच्या डी’अँजेलो पाँड्सने. प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडून तो ६७ यार्ड धावत सुटला आणि थेट गोलरेषेपलीकडे गेला. पाँड्स जेम्स मॅडिसनहून आलेल्यांपैकीच एक.

नवव्या सामन्यात मिशिगन स्टेटने १०-० अशी आघाडी घेतली. एरवी इथेच जुन्या इंडियानाने नांगी टाकली असती. या संघाने त्यानंतर सलग ४७ गुण केले आणि समोरच्याला एकही करू दिला नाही. मग मिशिगनला २०-१५ असं नमवून विद्यापीठाने इतिहासात पहिल्यांदा दहा विजयांचा आकडा गाठला. त्याआधीची मजल नऊची होती, तीही १९४५ आणि १९६७ मध्ये.

मर्यादाही दिसल्या. ओहायो स्टेटने ३८-१५ असं हरवलं. शेजारच्या परड्यूला ६६-० असं धुऊन काढत संघ बारा संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीत पोचला, पण २० डिसेंबरच्या रात्री नोत्र दामच्या मैदानावर सुरुवातीलाच घात झाला. रूर्कचा पास गोलरेषेच्या तोंडाशी नोत्र दामने मधेच पकडला आणि पुढच्याच प्रयत्नात त्यांचा जेरेमिया लव्ह ९८ यार्ड पळत गेला. सामना २७-१७ असा गेला. हंगाम संपल्यावर कळलं, की रूर्क हंगामभर गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना खेळत होता.

अकरा विजय, दोन पराभव. खेळाडू बाहेरून आणले म्हणून हे जमलं, असं म्हणणारे आहेत. पण खेळाडू सगळेच संघ आणतात. सिग्नेटींनी वेगळं केलं ते हे, की हरणं गृहीत धरायची सवय त्यांनी पहिल्या दिवसापासून चालू दिली नाही. पुढच्या हंगामात याच प्रशिक्षकांच्या हाताखाली इंडियाना १६ पैकी १६ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला.