विस्तारित स्वरसंघ : रचना आणि पियानोवादन

1935 साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे त्याच ठिकाणी टेडी वेदरफोर्ड यांचा पियानोही ऐकू येऊ लागला. जॅझची ही भाषा गोमंतकीय वादकांनी आत्मसात केली आणि ती चित्रपटसंगीतातही उतरली. ‘अलबेला’ (1951) या चित्रपटात सी. रामचंद्र यांना साहाय्य करणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकीच एक होत. या भाषेचे एक प्रमुख लक्षण म्हणजे विस्तारित स्वरसंघ, अर्थात कॉर्ड. त्याची रचना व त्याचे वादन यांत जो भेद आहे, तो येथे स्पष्ट करावयाचा आहे.

प्रथम रचना पाहू. पेटीवरील परिचित नावांनी पांढरी एक हा षड्ज मानावा. त्यावर एकेक स्वर वगळून पुढचा स्वर रचीत गेल्यास सा, ग, प, कोमल नी आणि तार सप्तकातील रे, तीव्र म, ध अशी उतरंड तयार होते. यांतील अंतरे अनुक्रमे 4, 3, 3, 4, 4 व 3 अर्धस्वरांची असून त्यांची बेरीज 21 होते. मध्यम तीव्र घेण्याचे कारण असे की, शुद्ध मध्यम गांधाराशी अर्धस्वराच्या नात्याने झगडतो व स्वरसंघाचा रंग बिघडवतो. या सात स्वरांचा संच कर्नाटक संगीतातील वाचस्पती मेलाशी जुळतो. रागात जे स्वर काळाच्या ओघात क्रमाने प्रकट होतात, ते येथे एकाच क्षणी उभे राहतात.

तथापि हे सातही स्वर एकदम दाबणे म्हणजे वादन नव्हे. येथे आपल्या संस्कारास धक्का बसतो. कारण तंबोऱ्याने ज्यांना आधारस्वर ठरविले, तेच षड्ज व पंचम प्रथम गळतात. षड्ज बहुधा मंद्र तंतुवाद्य सांभाळते. पंचम षड्जाच्या स्वयंभू स्वरांत असतोच. तो गाळल्याने स्वरसंघाची ओळख पुसली जात नाही. ती ओळख गांधार व कोमल निषाद यांच्यात आहे.

म्हणून डाव्या हाताने मधल्या पांढऱ्या एकच्या लगत खालची काळी पाच व वरची पांढरी तीन धरावी. उजव्या हाताने पुढील सप्तकातील पांढरी दोन, काळी तीन व पांढरी सहा वाजवावी. उजव्या हातातील हे त्रिकूट म्हणजे ऋषभास षड्ज मानून घेतलेले साधे सा-ग-प होय! अवघड वाटणारा स्वरसंघ अशा रीतीने दोन सोप्या आकृतींत विभागला जातो. भात्यासाठी एक हात गुंतलेल्या पेटीवर ही सोय नाही.

डाव्या हातातील दोन स्वरांत 6 अर्धस्वरांचे अंतर आहे व त्यातच अस्वस्थता साठलेली आहे. कोमल नी धैवतावर आणि ग शुद्ध मध्यमावर सरकला की मध्यमाच्या स्वरसंघात विश्रांती लाभते. शिवाय काळी तीन षड्ज मानल्यास हेच दोन स्वर आपापली कामे बदलून पुन्हा गांधार-निषादच ठरतात. म्हणून जॅझवादक एका स्वरसंघाच्या जागी दुसरा योजू शकतो.

अभ्यासकाने प्रथम हे दोन स्वर बाराही पट्ट्यांत घोटावेत व मगच वरचे त्रिकूट जोडावे. सातही स्वर मनात असावेत, हातात मात्र पाचच असावेत.