विश्लेषण : दागिन्याच्या दुरुस्तीची योग्य मजुरी कशी ठरवावी?

मंगळसूत्राची कडी तुटते. सोनार ती जोडून देतो. ‘काका, किती झाले?’ असे विचारल्यावर भोकरसारख्या तालुक्याच्या गावात अजूनही उत्तर मिळते, ‘द्या ताई, काय द्यायचे ते.’ ओळखीतला हा व्यवहार बरा वाटतो. पण मजुरी ठरलेली नसेल तर एक तर कारागिराचे कष्ट बुडतात, नाही तर त्यांची किंमत सोन्यातून वसूल झाल्याचा संशय राहतो.

वजनावर मजुरी का नको?

नव्या दागिन्याची घडणावळ वजनावर किंवा टक्क्यांवर लावतात. दुरुस्तीला तो हिशेब बसत नाही. चांदीचे जोडवे असो की सोन्याची अंगठी, जोड देणारा हात तोच आणि वेळही जवळपास तेवढाच. बदलते ती जोखीम. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, आच जास्त लागली तर मणी बिघडतो. मोत्यालाही आच सोसत नाही, तो आधी काढून नंतर पुन्हा बसवावा लागतो. त्यामुळे वेळ, कौशल्य आणि जोखीम यांवर मजुरी ठरायला हवी.

हिशेब कसा मांडायचा?

उदाहरणादाखल धरू, की कारागिराला दिवसाचे ९०० रुपये सुटायला हवेत आणि दुकानभाडे, वीज, गॅस, हत्यारे यांचा रोजचा खर्च ३०० रुपये आहे. एकूण झाले १,२०० रुपये. दुकान आठ तास उघडे असले तरी गिऱ्हाइकाशी बोलणे, वजन करणे वगळता हाताला काम सहा तासच असते. म्हणजे तासाचा दर २०० रुपये. पाऊण तासाच्या साखळीची मजुरी १५० रुपये होते. नाजूक किंवा खड्यांच्या कामाला जोखमीची रक्कम वेगळी, तीही आधी सांगून.

सोन्याचा हिशेब वेगळा का?

एप्रिल २०२५ मध्ये २४ कॅरेट सोन्याने १० ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या भावाने २२ कॅरेटचा, म्हणजे ९१.६ टक्के शुद्धतेचा एक ग्रॅम ९,१६० रुपयांचा होतो. नवी कडी ५० मिलिग्रॅमची असेल तर तिचे ४५८ रुपये होतात, मजुरीच्या तिप्पट. उलट कानस, पॉलिश यांत १०० मिलिग्रॅम घट आली तर ९१६ रुपये गेले. मजुरी ‘फुकट’ असली तरी ग्राहकाला काम महागच पडले. म्हणून मजुरी, भर घातलेले सोने आणि घट हे तीन आकडे पावतीवर वेगवेगळे हवेत.

स्वस्त जोड महाग कसा पडतो?

जोडासाठीचा डाख दागिन्याच्या आधी वितळावा लागतो, म्हणून त्यात इतर धातू मिसळतात. हलका डाख जास्त वापरला तर दागिन्याची शुद्धता उतरते आणि पुढे मोड देताना पैसे कमी मिळतात. ‘केडीएम’ डाखातील कॅडमियमची वाफ तर कारागिराच्याच फुप्फुसांना घातक असते.

ग्राहकाने काय पाहावे?

● दागिना आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन मगच वजन करावे. नाही तर मळाचे वजनही सोन्यात धरले जाते.
● दुरुस्तीआधी आणि नंतर, दोन्ही वजने समोर करावीत. काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का असावा.
● पावतीवर वजन, बिघाड, अंदाजे मजुरी आणि परत देण्याची तारीख लिहून घ्यावी. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असल्यास तोही नोंदवावा.
● काढलेले तुकडे, जुनी कडी परत मागावी.
● वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

कारागिराने काय करावे?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. पण रोजची कमाई मजुरीवरच अवलंबून असते. कडी जोडणे, खडा बसवणे, अंगठी लहान-मोठी करणे, पैंजणाचा फास बदलणे, अशा नेहमीच्या कामांचे दर फलकावर लिहिले तर घासाघीस थांबते. दर आधी कळला, तर मजुरी देताना गिऱ्हाईक कुरकुरत नाही आणि कारागिरालाही ती मागायला संकोच वाटत नाही.