ब्लॅकआउटच्या रात्री आणि घराघरांतील आठवणी

शत्रूच्या विमानांनी मुंबईवर किंवा तिच्या परिसरातील भिवंडीवर कधीही बॉम्ब टाकले नाहीत. तरीही या पट्ट्यातील जुन्या पिढीकडे युद्धाच्या आठवणी आहेत, आणि त्या मुख्यतः अंधाराच्या व भोंग्याच्या आहेत. 1965 आणि 1971 च्या भारत-पाक युद्धांत येथे ब्लॅकआउट, म्हणजे वैमानिकाला वस्ती दिसू नये म्हणून सक्तीने पाळलेला अंधार, लागू होता. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावला जाई, वाहनांच्या दिव्यांचा वरचा भाग रंगवला जाई, आणि चढउताराच्या सुरातील भोंगा धोक्याची, तर एकसुरी भोंगा धोका टळल्याची सूचना देई. विजेवर चालणाऱ्या मागांवर, म्हणजे यंत्रमागांवर, पोट असलेल्या भिवंडीत हा अंधार रात्रपाळीच्या मजुरीलाही भिडला असणार.

या आठवणी तपासताना खरी अडचण सरमिसळीची येते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागून सुमारे 1,400 टन स्फोटकांचा स्फोट झाला. तो हल्ला नव्हता, अपघात होता. पण जपानी आक्रमणाच्या धास्तीत वावरणाऱ्या अनेकांना तो बॉम्बहल्लाच वाटला, आणि अशी समजूत पुढच्या पिढीकडे जशीच्या तशी जाऊ शकते. 1965 आणि 1971 चीही अशीच गल्लत होते. तेथे ऋतू उपयोगी पडतो, कारण पहिल्या युद्धाचा भर सप्टेंबरच्या पावसाळी दिवसांत होता आणि दुसरे डिसेंबरच्या थंडीत झाले. त्याहून नेमकी खूण चंद्राची आहे: 1971 चे युद्ध 3 डिसेंबरला, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सुरू झाले आणि 17 डिसेंबरला, अमावास्येला, थांबले. त्यामुळे त्याच ब्लॅकआउटची एक आठवण चांदण्यात न्हालेल्या रस्त्यांची आणि दुसरी मिट्ट काळोखाची असेल, तर दोन्ही खऱ्या असू शकतात. सांगणाऱ्याला खोटे ठरवण्याआधी पंचांग पाहावे, हेच योग्य.

1971 मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज साठी ओलांडून गेली आहेत. ज्यांच्या घरात अशी माणसे आहेत, त्यांनी त्यांना थंडी होती की पाऊस, चांदणे होते की नाही, माग चालू होते की बंद, एवढे तरी विचारून उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत.