पाण्याखालचा पहिला श्वास

समुद्रकाठच्या माणसाला पाण्याची भीती वाटत नाही असे नाही. पण त्याची भीती ओळखीची असते. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांची भीती अनोळखी. पाणी ही आमच्या लेखी वाट पाहण्याची वस्तू. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आम्ही अजून विसरलेलो नाही. आमच्या हिंगोलीची कयाधू पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होऊन पडून राहते. अशा मुलखातली, चाळिशी ओलांडलेली, पोहता न येणारी मराठीची प्राध्यापिका जर म्हणाली, की "मी मालवणला समुद्राच्या तळाशी जाऊन येणार आहे," तर सहकाऱ्यांनी तिच्याकडे काळजीने पाहावे, यात नवल ते काय?

पोहता न येण्याचे कारण साधे होते. आमच्या गावात पोहण्याची शाळा म्हणजे मळ्यातली विहीर. मुलाच्या कमरेला दोर बांधायचा, पाठीला वाळलेला भोपळा नाही तर रिकामा डबा, आणि द्यायचे ढकलून! चार दिवसांत पोरगे बेडकासारखे पोहू लागे. ही शाळा मुलांची. मुलींनी विहिरीचे पाणी शेंदायचे, घागर डोक्यावर घ्यायची आणि काठावरूनच परत फिरायचे. आईचे एकच वाक्य होते : "आत वाकू नकोस." ते वाक्य मी चाळीस वर्षे पाळले.

आमच्या जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव. त्यांची आणि ज्ञानेश्वरांची एक आख्यायिका सांगतात. तीर्थयात्रेत दोघांना तहान लागली. विहीर होती, पण पाणी फार खोल. ज्ञानेश्वरांनी सूक्ष्म रूप घेतले आणि ते आत उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांनी काठावर बसून विठ्ठलाला हाक मारली, तेव्हा विहीरच भरून वर आली. आम्ही नामदेवांच्या गावाजवळची माणसे. पण त्यांची भक्ती आमच्यापाशी कोठली? सामान्य माणसाला पाणी जाणून घ्यायचे तर उतरावेच लागते.

आता स्कूबा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पाण्याखाली श्वास घेण्याचे ते स्वयंपूर्ण साधन. झाक-ईव्ह कूस्तो हा फ्रेंच नौदल अधिकारी आणि एमिल गान्याँ हा अभियंता, या दोघांनी १९४३ साली त्याला आजचे रूप दिले. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. त्यात असते ती आपण रोज घेतो तीच हवा, फक्त सुमारे दोनशे पट दाबून भरलेली. अकरा लिटर मापाच्या नळकांड्यात अशी दोन हजार लिटरांहून अधिक हवा मावते. कूस्तो-गान्याँ यांची करामत तिच्या झडपेत आहे. आपण श्वास ओढला की ती उघडते आणि आसपासच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तोंडात सोडते.

हे कळले तेव्हा माझी भीती गेली नाही. पण तिचे तुकडे पडले. एक मोठी भीती कोणालाच पेलत नाही. तिच्या चार लहान भीती केल्या, की एकेकीशी बोलता येते.

पहिली भीती श्वासाची. विहिरीतल्या बुडीचा नियम आहे नाक दाबा, दम धरा. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा : दम कधीही धरू नका. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. तेथे छातीभर घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला, तर ती हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुफ्फुसाला इजा करते. म्हणून श्वास चालूच ठेवायचा. शिवाय घाबरलेला माणूस भरभर, वरवर श्वास घेतो. आतला कर्बवायू नीट बाहेर पडत नाही, आणि हवा असूनही गुदमरल्यासारखे वाटते. उपाय एकच, उच्छ्वास लांबवायचा. माझा शिक्षक विशीतला मालवणी मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, काय घाबरूचा नाय. पण घाई करूची नाय." श्वासाचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आले.

दुसरी भीती कानांची. दाबातला सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच जाणवतो, आणि अनेक नवखे तेथूनच परत फिरतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, म्हणजे कानात 'टक्' होते आणि दुखणे थांबते. या युक्तीला व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याचा कानावरचा ग्रंथ १७०४ सालचा. कान दुखण्याची वाट न पाहता दर हातभर खोलीला हे करायचे. तरीही दुखलेच, तर थोडे वर यायचे. जोर करायचा नाही.

तिसरी भीती चष्म्यात पाणी शिरण्याची. म्हणून शिक्षक छातीभर पाण्यात मुद्दाम ते शिरू द्यायला लावतो! मग मान किंचित वर करायची, चष्म्याची वरची कड दाबायची आणि नाकाने फुंकायचे. पाणी खालून निघून जाते. पहिल्यांदा मी धडपडून उभी राहिले. पाचव्यांदा जमले. संकट आधी उथळ पाण्यात भेटवून आणले, की खोल पाण्यात ते परके वाटत नाही.

चौथी भीती बोलता न येण्याची. आम्हा भाषेच्या शिक्षकांना हीच सर्वांत मोठी! पाण्याखाली भाषा हातांची. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. पंजा डावी-उजवीकडे हलवला म्हणजे 'काहीतरी बिघडले'. आणि वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला'. पाणबुड्यांत एक रीत आहे : कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने अंगठा वर करावा, त्याला कोणी का म्हणून विचारत नाही. मला खरा धीर दिला तो या रीतीने. परतीची वाट मोकळी आहे हे ठाऊक असलेला माणूसच पुढे पाऊल टाकतो.

मालवणच्या समुद्रात, शिवछत्रपतींनी १६६४ साली पायाभरणी केलेल्या सिंधुदुर्गाच्या परिसरात, मी पाचएक मीटर खाली गेले. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खडकांवर प्रवाळ होते. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे माझ्या चष्म्याजवळून निर्धास्त जात होते. पाण्यात वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, आणि लाल रंग सर्वांत आधी मावळतो. माझ्या हातातला लाल दोरा तपकिरी झाला होता. ऐकू येत होता तो केवळ माझा श्वास. चाळीस वर्षांत मी तो इतका लक्ष देऊन कधी ऐकला नव्हता.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द. सर्दी असेल तर उतरू नये, कान उघडत नाहीत. दमा, हृदयविकार, गर्भारपण असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल उचलू नये. शिक्षकाचे प्रमाणपत्र पाहावे. संकोच करू नये. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची शिक्षणसंस्था आहे. शिक्षकाचा हात धरून घेतलेल्या पहिल्या बुडीला पोहणे यावे लागत नाही. पण पुढचा रीतसर अभ्यासक्रम करायचा, तर साधारणपणे दोनशे मीटर पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवावे लागते. वर आल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये.

पण मी हे लिहिते आहे ते सर्वांनी मालवण गाठावे म्हणून नव्हे. आमच्या जिल्ह्यात सिद्धेश्वरचे धरण आहे, सीमेवर इसापूरचे आहे, आणि शेतोशेत विहिरी आहेत. धुणे धुताना, सहलीला गेल्यावर, पाय घसरून पाण्यात पडणारी मुलगी 'आत वाकू नकोस' या वाक्याने तरंगत नाही. भीती ही सावध राहण्यापुरती उपयोगी. वाचवते ती शिकवण.

या उन्हाळ्यात माझी मुलगी तिच्या मामाच्या विहिरीत पोहायला शिकली. पाठीला डबा होता, कमरेला दोर होता. दोराचे टोक माझ्या हातात होते. पण ढकलले तिला कोणी नाही. पायरी-पायरीने ती आपणहून उतरली.