विश्लेषण : गोचीड काढला, तरी कुत्र्याला ताप का येतो?

गेल्या वर्षी जूनमध्ये जालन्यातल्या आमच्या मस्तगडच्या घरी राजाने दूध-भाकरीला तोंड लावणे सोडले. कडक उन्हाळा नुकताच सरला होता. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरच्यांनी त्याला ताक पाजले आणि ओल्या पोत्यावर झोपवले. पाचव्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले. रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट्स फारच खाली गेल्या होत्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘मागच्या महिन्याभरात गोचीड निघाले होते का?’ निघाले होते, तीन आठवड्यांपूर्वी. आम्ही ते वेचून काढले आणि विषय संपला असे समजलो. राजा वाचला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी हीच चूक होते. म्हणून गोचीड, त्यापासून होणारा ताप आणि त्यावरचे उपाय समजून घेऊ.

कुत्र्यावरचा गोचीड गाई-म्हशींकडून येतो का?

मराठवाड्यात असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात गोठ्यातले गोचीड आणि कुत्र्यावरचे गोचीड हे बहुतेक वेळा वेगवेगळ्या जातींचे असतात. कुत्र्यावर सापडतो तो प्रामुख्याने तपकिरी गोचीड. त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. पिल्लू, किशोर आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत तो मुख्यतः कुत्र्याचेच रक्त पितो. पिल्लाला सहा पाय असतात आणि पुढच्या दोन अवस्थांत आठ. सहा पायांचे पिल्लू इतके बारीक असते की ते केसांत सहज दिसत नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी मात्र एरंडाच्या बीसारखी करडी आणि टपोरी दिसते. आपले लक्ष जाते ते तिच्याकडेच.

गोचीड ताप म्हणजे नेमका कोणता आजार?

हा एकच आजार नाही. गोचीड चावल्याने होणाऱ्या अनेक आजारांना मिळून हे नाव पडले आहे. त्यातला सर्वांत परिचित एर्लिकिओसिस. ‘एर्लिकिया कॅनिस’ हा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यामुळे प्लेटलेट्स घटतात. दुसरा बॅबेसिओसिस. त्यात सूक्ष्म परजीवी तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे अशक्तपणा, कावीळ आणि गडद लघवी अशी लक्षणे दिसतात. तिसरा हिपॅटोझूनोसिस. तो चावण्यातून होत नाही. अंग चाटताना किंवा खाजवताना कुत्र्याने गोचीड गिळला की होतो. एकाच कुत्र्याला एकाच वेळी दोन आजार होणेही नवे नाही.

भारतात हे आजार किती जुने?

बॅबेसियाच्या एका प्रकाराची ओळख जगाला भारतातूनच झाली. १९१० मध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी मद्रासमधील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात सापडलेल्या परजीवीचे वर्णन केले. तोच आजचा ‘बॅबेसिया गिब्सोनाय’. एर्लिकियाची नोंद १९३५ मध्ये अल्जेरियात झाली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची शेकडो लष्करी कुत्री याच आजाराने दगावली आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. भारतात मुंबई आणि दिल्लीसह चार ठिकाणच्या ५२५ भटक्या कुत्र्यांच्या रक्ताचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २० टक्के कुत्र्यांत एर्लिकिया कॅनिस, तर सुमारे ३० टक्क्यांत हिपॅटोझून आढळला. म्हणजे दर पाच भटक्या कुत्र्यांमागे एकाच्या रक्तात एर्लिकिया होता.

वेचून काढलेले गोचीड पुन्हा कुठून येतात?

अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण संख्येचा छोटा भाग असतो. बाकीचे घरातच दबा धरून असतात. प्रत्येक अवस्थेत पोटभर रक्त प्यायल्यावर हा गोचीड कुत्र्यावरून खाली उतरतो. मग भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे किंवा पोत्याच्या शिवणीत लपतो, कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. त्याचा कल वर चढण्याकडे असतो. म्हणून तो छताजवळच्या भेगांतही सापडतो. मस्तगडसारख्या जुन्या वस्तीतली दगडी जोती, पोपडे निघालेल्या भिंती आणि जिन्याखालची अडगळ म्हणजे त्याच्यासाठी तयार घर. उपाशीपोटीही प्रौढ गोचीड कित्येक महिने तग धरतो.

आता थोडा हिशेब. एक मादी जास्तीत जास्त ४,००० च्या आसपास अंडी घालते. त्यातली ९९ टक्के वाया गेली असे धरले, तरी ४० गोचीड उरतात. त्यातल्या २० माद्या. त्या प्रत्येकीच्या पुन्हा २० म्हणजे ४०० माद्या. उबदार हवेत एक पिढी दोन-तीन महिन्यांत पूर्ण होऊ शकते. हे केवळ समजण्यासाठी मांडलेले गणित आहे. पण मार्चमध्ये दुर्लक्ष केलेला एक गोचीड गणपतीपर्यंत घरभर कसा होतो, ते यावरून लक्षात येईल.

चावल्यावर किती वेळात आजार लागतो?

आम्ही फसलो ते इथेच. बॅबेसियाचा परजीवी कुत्र्यात उतरायला साधारण दोन दिवस लागतात. एर्लिकियाचा जिवाणू मात्र गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच उतरू शकतो. म्हणजे संध्याकाळी गोचीड दिसला आणि सकाळी काढला, तरी उशीर झालेला असू शकतो. त्यानंतर ८ ते २० दिवस काहीच दिसत नाही. मग ताप येतो, भूक जाते, मानेजवळच्या गाठी सुजतात. कधी नाकातून रक्त येते, कधी पोटावर किंवा हिरड्यांवर लाल-जांभळे ठिपके उठतात. काही कुत्री उपचाराविनाच बरी झाल्यासारखी वाटतात. पण जिवाणू शरीरात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि नंतर अस्थिमज्जेवर घाला घालतो. त्या टप्प्यावर कुत्रा वाचवणे अवघड होते.

तपासणी आणि उपचार काय?

गोचीड निघाल्यानंतरच्या महिन्याभरात कुत्र्याने एक दिवस जरी अन्न सोडले, तरी रक्त तपासून घ्यावे. पेशींची मोजणी आणि काचपट्टीवरचा रक्ताचा नमुना ही पहिली पायरी. काचपट्टीवर काही दिसले नाही म्हणजे आजार नाहीच, असे होत नाही. गरज पडल्यास डॉक्टर झटपट किट किंवा पीसीआर चाचणी सुचवतात. जालन्याजवळ परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी तिथला सल्ला घेता येतो.

एर्लिकिओसिसवर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे द्यावे लागते. दोन-तीन दिवसांत कुत्रा उठून शेपूट हलवू लागतो आणि बरेच जण गोळ्या बंद करतात. तसे करू नये. बॅबेसियावरची औषधे वेगळी असतात. त्यामुळे ‘शेजारच्या कुत्र्याला याच गोळ्या दिल्या होत्या’ हा आधार धोक्याचा. एर्लिकिओसिसवर लस उपलब्ध नाही.

जनावरांचे औषध कुत्र्याला चालते का?

कृषी सेवा केंद्रात गोठ्यासाठी मिळणारे तीव्र द्रावण अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालणे ही आपल्याकडची जुनी सवय. आमच्याही घरी बाटलीच्या झाकणाने मोजून तेच केले होते. कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे औषध पोटात जाते. लाळ गळणे, थरथर, झटके अशी विषबाधा होऊ शकते. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचेही तसेच. जनावरांसाठीच्या एक टक्का द्रावणाचे १ मिलि म्हणजे ५० किलो वजनाच्या जनावराचा डोस. २० किलोच्या कुत्र्याला तेवढेच टोचले तर प्रमाण अडीच पट होते. कोली आणि तिच्याशी नाते असलेल्या जातींत तर एका जनुकीय दोषामुळे त्याहून कमी मात्राही जीवघेणी ठरू शकते. घरात मांजर असेल तर आणखी जपावे. कुत्र्याच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराला मारक असते.

मग कोणता उपाय निवडावा?

तीन पर्याय प्रचलित आहेत. मानेवर टाकायचे थेंब, औषधी पट्टा आणि चघळायची गोळी. फिप्रोनिलसारखे थेंब साधारण महिनाभर चालतात, पण लावण्याच्या दोन दिवस आधी आणि नंतर आंघोळ टाळावी लागते. काही पट्टे अनेक महिने टिकतात आणि त्यातले काही गोचिडाला चिकटण्याआधीच दूर ठेवतात. अफॉक्सोलॅनरची गोळी महिनाभर, तर फ्लुरॅलॅनरची सुमारे १२ आठवडे काम करते. मात्र गोळीचा परिणाम होण्यासाठी गोचिडाला आधी चावावे लागते. या गटातल्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. म्हणून फिट येणाऱ्या कुत्र्यांसाठी, पिल्लांसाठी आणि गाभण मादीसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. कोणताही उपाय शंभर टक्के नसतो. कुत्र्याचे वजन करून योग्य मात्रा घेणे आणि तारीख न चुकवणे हेच महत्त्वाचे.

औषध कुत्र्याला आणि दुर्लक्ष घराकडे, असे झाले तर पैसे वाया जातात. भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवा. पोती, चादरी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. फवारणी करायची असेल तर कुत्रा, मांजर आणि मुलांना बाहेर ठेवा आणि जागा पूर्ण वाळल्यावरच आत घ्या. एका फवारणीने अंडी मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

गोचीड कसा काढावा?

रॉकेल, तेल, जळती काडी यातले काही नको. त्याने गोचीड चिडून आणखी लाळ सोडण्याची भीती असते. हातमोजे घाला. चिमट्याने त्वचेलगत पकडा आणि सरळ, संथ ओढा. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, बगलेत, शेपटीखाली आणि गळपट्ट्याखाली रोज हात फिरवा. काढल्याची तारीख मोबाइलमध्ये नोंदवा. पुढचे महिनाभर तीच तारीख डॉक्टरांच्या कामी येईल.

माणसांना धोका आहे का?

कुत्र्याचा एर्लिकिओसिस कुत्र्याला हात लावल्याने माणसाला होत नाही. मात्र हाच तपकिरी गोचीड माणसाला चावला तर ‘इंडियन टिक टायफस’ हा ताप होऊ शकतो. त्यात अंगावर, तळहातावर आणि तळपायावरही पुरळ उठते. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी या गोचिडाला कुत्रा आणि माणूस असे दोन पर्याय दिले. तापमान सुमारे २३ अंशांवरून ३८ अंशांवर नेल्यावर उष्ण प्रदेशातल्या प्रकाराचे माणसाकडे वळण्याचे प्रमाण दुपटीहून वाढले. जालन्याचा उन्हाळा ३८ अंशांवर थांबत नाही, हे लक्षात घेतलेले बरे. सिंधुदुर्गातला माकडताप किंवा गुजरातेत २०११ मध्ये आढळलेला काँगो ताप मात्र वेगळ्या जातींच्या गोचिडांमुळे पसरतो. त्याचा दोष घरच्या कुत्र्याला देऊ नये.

गल्लीतल्या कुत्र्यांचे काय?

एर्लिकियाचा जिवाणू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू आजारी कुत्र्याचे रक्त प्यायल्यावरच तो उचलते. म्हणजे साखळी चालू राहते ती उपचार न मिळालेल्या कुत्र्यांमुळे. गल्लीतल्या कुत्र्याला हाकलून ती तुटत नाही, कारण तो शेजारच्या ओट्यावर जाऊन बसतो. गल्लीत रोज भाकरी टाकणाऱ्या चार घरांनी वर्गणी काढून, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या कुत्र्यांनाही गोळी दिली तर फायदा चारही घरांचा.

या वर्षी आमच्याकडे नवे पिल्लू आले आहे. ओट्याच्या भेगा बुजवल्या आहेत आणि पोते टाकून दिले आहे. रात्री जेवणानंतर आई त्याचे कान, बगला आणि पंजे तपासते. दोन मिनिटे लागतात.