चलप्रकार-परिवर्तन, स्वयंचलित
संगणकाच्या आज्ञावलीतील चलांचे घोषित प्रकार, तिच्या फलितास बाध न आणता, दुसऱ्या आज्ञावलीकडून बदलून घेण्याची क्रिया. चल म्हणजे मूल्य साठविण्यासाठी नाव दिलेली स्मृतीतील जागा. तीत कोणती मूल्ये मावतील हे प्रकारावरून ठरते. 8 बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात –128 ते 127, तर 4 बिटांत –8 ते 7 एवढीच मूल्ये मावतात. 64 बिटांची संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात न मावल्यामुळे ‘एरियन-5’ हा यूरोपीय अग्निबाण 4 जून 1996 रोजी पहिल्याच उड्डाणात नष्ट झाला.

प्रकार बदलण्यास शब्दाच्या जागी शब्द घालणे पुरत नाही. एकच नाव दोन ठिकाणी दोन भिन्न चलांचे असू शकते. म्हणून असे साधन कंपायलरप्रमाणे आज्ञावलीचे व्याकरणदृष्ट्या पृथक्करण करते, प्रत्येक नावाची घोषणा शोधते आणि मूल्य पुढे ज्या चलांत व फलनांत जाते त्यांचेही प्रकार बदलते. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातील व्यापक बदलांसाठी फ्रान्समध्ये तयार झालेले ‘कॉक्सिनेल’ वापरतात. बर्कली येथील ‘प्रिसिमोनियस’ (2013) हे साधन कमी अचूकतेचा प्रकार कोठे चालेल ते चाचण्या घेऊन शोधते.

घोषणेत जे लिहिलेले नाही ते मात्र साधनास कळत नाही. खोडद (ता. जुन्नर, जि. पुणे) येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या विदेवरून ही अडचण ध्यानात येते. तेथील 45 मी. व्यासाच्या 30 आकाशकांच्या 435 जोड्यांमधील सहसंबंध संगणकांद्वारे काढतात. 400 मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. विदा आवाक्यात राहावी म्हणून नमुना 8 ऐवजी 4 बिटांत बसवितात. सी भाषेच्या रूढ प्रकारांत 4 बिटांचा पूर्णांक नाही. त्यामुळे असे दोन नमुने 8 बिटांच्या एकाच घरात भरावे लागतात. घोषणा 8 बिटांच्या एका पूर्णांकाची, आत संख्या मात्र दोन! साधनाने तो प्रकार 16 बिटांचा केला, तर कंपायलर तक्रार करणार नाही. परंतु वाचनाच्या वेळी एका घरात दोन बाइट शिरतील, नमुन्यांचा क्रम बिघडेल आणि तरीही आकडे बाहेर पडत राहतील. दुर्बिणीच्या विदेत हे अधिक घातक ठरते, कारण नमुने मुख्यतः गोंगाटासारखेच दिसतात आणि चूक नजरेने ओळखू येत नाही. जोडनमुन्यास स्वतंत्र नावाचा प्रकार देऊन त्याची फोड एकाच फलनात ठेवल्यास साधनास ते घर वगळून उरलेल्या आज्ञावलीत बदल करता येतो. [⟶ संगणक, रेडिओ ज्योतिषशास्त्र].