अरणकल्ले, विद्या

अरणकल्ले, विद्या : भारतीय व्हायरसशास्त्रज्ञ. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या यकृतशोथ-ई या काविळीच्या व्हायरसाविषयी त्यांनी मूलभूत संशोधन केले. त्यांची बहुतेक कारकीर्द पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत (स्थापना १९५२, मूळ नाव व्हायरस संशोधन केंद्र) झाली. त्यानंतर त्यांनी पुण्याच्याच भारती विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन संस्थेत कार्य केले.

दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ही साथ यकृतशोथ-अ या रोगाची असावी, असा दीर्घकाळ समज होता. साठवून ठेवलेल्या रक्तरसांची तपासणी पुण्याच्या संस्थेतील खोर्शेद पावरी प्रभृतींनी अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने केली. कारण अ किंवा ब यांपैकी कोणताही व्हायरस नव्हे, असे त्यांनी १९८० मध्ये दाखविले. त्याच वर्षी काश्मीरमधील साथीवरून म. सु. खुरू यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. या व्हायरसाच्या जीनद्रव्याचे पृथक्करण १९९० मध्ये झाले.

अरणकल्ले व त्यांचे सहकारी यांनी भारतातील जलजन्य काविळीच्या साथींचे रक्तरस तपासून त्यांपैकी बहुतेक साथी यकृतशोथ-ई च्याच होत्या, असे १९९४ मध्ये सिद्ध केले. पुण्यातील पाहणीत एक महत्त्वाचा भेद आढळला. यकृतशोथ-अ चा संसर्ग बहुतेकांना बालपणीच होऊन गेलेला असतो. यकृतशोथ-ई ची प्रतिपिंडे मात्र बालकांत क्वचित व तरुणांत अधिक आढळतात. म्हणजे या रोगाचा आघात ऐन तारुण्यात होतो. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तो विशेष घातक ठरतो. अशा रुग्ण स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा २० ते २५ पर्यंत जाते.

व्हायरसाची उत्क्रांती : पश्चिम भारतात माणसांत जीनप्ररूप १, तर डुकरांत जीनप्ररूप ४ आढळते, असे त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखविले. त्यामुळे येथील मानवी रोगाचा उगम डुकरांत नसून मलदूषित पाण्यात आहे, या मताला पुष्टी मिळाली. चिकुनगुन्याविषयीचे त्यांचे कार्यही उल्लेखनीय आहे. भारतातील १९६३ ते १९७३ या काळातील व्हायरस आशियाई जीनप्ररूपाचे होते. बार्शी येथील १९७३ च्या साथीनंतर हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. २००५-०६ मधील प्रचंड साथ मात्र आफ्रिकी जीनप्ररूपाची होती. त्याच प्ररूपाचा व्हायरस २००० मध्ये पुणे जिल्ह्यातील यवत येथे डासांत सापडलेला होता. जुना शत्रू परतला नव्हता, तर त्याच नावाचा नवा आला होता.

लसनिर्मिती : यकृतशोथ-ई च्या व्हायरसाची जीनप्ररूपे अनेक असली, तरी त्याचा प्रतिजनी प्रकार एकच आहे, म्हणून एका लशीने सर्वांपासून संरक्षण मिळणे शक्य असते. या व्हायरसाच्या कवचातील प्रथिनावर आधारलेल्या डीएनए लशीचे प्रयोग अरणकल्ले यांच्या गटाने प्रथम उंदरांवर केले. पुढे २००९ मध्ये ऱ्हीसस माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत डीएनए व प्रथिन एकत्रितपणे लायपोसोमांत (मेदद्रव्याच्या सूक्ष्म पुटिकांत) भरूनही दिले होते. चीनमध्ये वेगळ्या पद्धतीने केलेल्या लशीला २०११ मध्ये मान्यता मिळाली. दक्षिण सूदानमधील साथीत २०२२ मध्ये ती वापरली गेली.

या संशोधनाचे महत्त्व ग्रामीण भागात विशेष जाणवते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात उघड्या विहिरी व झरे यांवर अवलंबून असलेल्या वस्त्यांत पहिल्या पावसाबरोबर पाण्यात मैला मिसळण्याचा धोका असतो. गर्भवती स्त्रीला त्याची झळ सर्वांत अधिक पोहोचते. लस घरोघरी पोहोचेपर्यंत पाणी उकळून पिणे, विहिरींचे नियमित क्लोरिनीकरण व शौचालयांचा वापर हेच प्रतिबंधाचे खात्रीचे उपाय होत.

पहा : कावीळ, यकृतशोथ, लस, व्हायरस.